पायाखालचं बजेट सरकलं!

नव्या फरशीसाठी एक्सेल शीटमध्ये २५ हजार मांडले होते. बिल आलं चौपट! यवतमाळ जिल्ह्यातल्या आईबाबांच्या घराने शिकवलेला ‘फ्लोअरिंग’चा फंडा...

आईचा फोन येतो तो रविवारी. त्यामुळे मंगळवारी दुपारी, ऐन मीटिंगमध्ये, मोबाइलवर ‘घर’ झळकलं तेव्हाच पोटात गोळा आला. फोनवर बाबा होते.

‘‘काई नाई व, तुही आई जराशी पडली. हात प्लास्टरमध्ये हाये. तू टेन्शन नको घेऊ.’’

जराशी पडली आणि हात प्लास्टरमध्ये! आमच्या बाबांचं ‘जरासं’ हे असं असतं.

ही गोष्ट २०२५ च्या सप्टेंबरमधली. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. मी पुण्यात, ऑफिस, ईएमआय आणि ट्रॅफिकमध्ये. त्या शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी घरी पोचले. आई उजवा हात गळ्यात अडकवून डाव्या हाताने चहा गाळत होती. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मलाही ठेच लागली.

मोरीच्या बाजूची शहाबादी फरशी चांगली खाली गेली होती. तिच्या शेजारची होती तिथेच. मधे अर्ध्या-पाऊण इंचाची पायरी. आई पडली ती याच पायरीवर. गेल्या चार दिवाळ्या मी घरी येऊन ही फरशी बघत होते. ‘अगं, हे बघायला पाहिजे एकदा’ असं म्हणत होते आणि परतीचं तिकीट बुक करत होते.

या वेळी मात्र ठरवलं. फरशी बदलायचीच. फक्त स्वयंपाकघराची नाही, अख्ख्या घराची!

लॅपटॉपवरचं घर

आमच्या पिढीला कुठलंही संकट आलं की आपण आधी एक्सेल उघडतो. मीही उघडलं. टेप घेऊन घर मोजलं. हॉल १२ बाय १४, म्हणजे १६८ चौरस फूट. एक खोली १० बाय १२, १२०. दुसरी १० बाय ११, ११०. स्वयंपाकघर १० बाय १०, १००. आणि समोरची पडवी ६ बाय १७, १०२. बेरीज बरोब्बर ६००. यवतमाळच्या दुकानात फोन लावला. ‘‘दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल कशी?’’ ‘‘बेचाळीस रुपये फूट, मॅडम.’’

६०० गुणिले ४२, उत्तर २५,२००. त्यावर पाचेक हजार मजुरी. संपलं! पुण्यात एका वीकेंड ट्रिपला चौघांचे इतके जातात. मी खुशीत शीट सेव्ह केली. नाव दिलं ‘घर फायनल’.

बाबांनी ती शीट बघितली आणि एवढंच म्हणाले, ‘‘मिस्त्रीले इचारलं का?’’

मिस्त्रीला काय विचारायचं? तो तर टाइल लावणारा... असं मला तेव्हा वाटलं.

आधी पायाखाली नकाशा बघा

दुकानात जाण्याआधी थोडा होमवर्क केला, त्यात धमाल आली. आपण ज्यावर चालतो त्या फरश्यांची नावं म्हणजे सरळसरळ गावांची नावं आहेत! शहाबादी येते ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाने. ओट्यावरचा काळा कडप्पा म्हणजे आंध्रातला कडप्पा जिल्हा. हिरवट-निळसर कोटा राजस्थानचा. हे तिघेही मुळात चुनखडकाचेच भाऊबंद. संगमरवराचं मकराणाही राजस्थानातच. आणि आज शोरूममध्ये चमकणाऱ्या बहुतेक टाइल्स येतात गुजरातच्या मोरबीहून. हे भिंतीवरच्या घड्याळांसाठीही प्रसिद्ध असलेलं गाव. तिथून यवतमाळ जवळपास हजार किलोमीटर. म्हणजे दुकानदार भाव सांगतो तेव्हा त्यात ट्रकचं डिझेलही आलं.

मुंबईच्या जुन्या इमारतींमधल्या नक्षीदार रंगीत टाइल्स आठवतात? त्या सिमेंटच्या असायच्या. त्या काळात अशा टाइल्स परदेशातून यायच्या. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी मुंबईत भारत फ्लोअरिंग सुरू केली ती स्वदेशीच्या भावनेतून. म्हणजे फरशीलाही स्वातंत्र्यलढ्याचा वारा लागलेला आहे, बॉस!

आमच्या घराचा वारा मात्र वेगळा. १९९४ पर्यंत घरात शेणाने सारवलेली जमीन होती. त्या वर्षी कापसाचा चुकारा हातात आला आणि आईने हट्टाने शहाबादी बसवून घेतली. विदर्भातल्या ज्या वाचकांनी १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना घरात अनुभवली असेल, त्यांना ‘चुकारा’ या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. कापूस घातल्यावर हाती येणारा तो पैसा. त्यावर पोरांच्या फिया, लग्नं, बैलजोडी, सगळं ठरायचं. आमच्याकडे त्यावर फरशी ठरली. तेव्हा आईचं दर आठवड्याचं सारवण सुटलं. त्यामुळे ‘फरशी काढून टाकायची’ म्हटल्यावर ती गप्पच झाली. मग म्हणाली, ‘‘काढा. पन फेकू नका.’’

चमको की मॅट?

दुकानात गेल्यावर माझे डोळे दिपले. आरशासारख्या टाइल्स! आत चेहरा दिसतोय, वरचे लाइट दिसताहेत. पुण्यातल्या सगळ्या सॅम्पल फ्लॅट्समध्ये हीच असते. मी तिथेच ‘डन’ म्हणणार होते. आई सोबत होती. तिने चप्पल काढली आणि सेल्समनला म्हणाली, ‘‘भाऊ, एक गिलास पानी द्या बरं.’’

त्याला वाटलं प्यायला हवंय. आईने ते पाणी सरळ सॅम्पल टाइलवर ओतलं आणि अनवाणी पाय ठेवून बघितला. पाय सुर्रकन सरकला. मी तिला धरलं. मग तिने मॅट फिनिशच्या टाइलवर तोच प्रयोग केला. पाय थांबला.

‘‘हे पायजे.’’

सेल्समनही हसला आणि मीही. पण नंतर विचार केला, चार वेबसाइट्स वाचून मला जे कळलं नसतं ते तिने ग्लासभर पाण्यात दाखवलं. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, लहान मूल असेल, तर स्वयंपाकघर, बाथरूम आणि पडवीत ग्लॉसी टाइल म्हणजे विकत घेतलेलं फ्रॅक्चर. मॅटवर डाग जरा चिकटतो, पुसायला जोर लागतो, हे खरं. पण फडकं मारणं परवडतं, प्लास्टर नाही.

मॅटचा भाव ४६ रुपये फूट निघाला. वर १८ टक्के जीएसटी. फोनवर सांगितलेल्या भावात तो धरलेला नव्हता. हा माझ्या एक्सेलला बसलेला पहिला धक्का! दुसरा धक्का बॉक्सचा. टाइल फुटावर विकतात, पण मिळते बॉक्समध्ये. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा बॉक्स भरतो साडेपंधरा चौरस फूट. पडवी वगळून (तिचं काय झालं ते पुढे येतंच) चार खोल्यांचे ४९८ फूट. कोपऱ्यात कापाकापी होते, एखादी फुटते, त्यासाठी आठ टक्के जास्त. भिंतीच्या कडेने चार इंचाची स्कर्टिंग, तीही त्याच टाइलमधून कापायची. दारं आणि ओट्याची जागा सोडून ती १५० रनिंग फूट, म्हणजे आणखी ५० चौरस फूट. आणि दोन बॉक्स कायमचे माळ्यावर. का? कारण पाच वर्षांनी एक टाइल फुटली तर तोच नंबर आणि तीच शेड मिळण्याची गॅरंटी कुणीच देत नाही. एकूण ४० बॉक्स.

त्यातही एक टिप. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे ना, ते उतरवून घेतानाच बघा. नाहीतर अर्धा हॉल गोरा आणि अर्धा सावळा!

‘खालचं कोन पाहते?’

मिस्त्रीभाऊ दिवाळीनंतर आले. खरं तर दिवाळीनंतर लगेच येणार होते, पण त्यांचे दोन्ही मदतनीस कापूस वेचायला गेलेले. आमच्या भागात दिवाळीनंतर घराचं काम काढणं म्हणजे मार्चएंडला सीएला फोन करण्यासारखं आहे. माणूस सापडतच नाही.

आल्याबरोबर त्यांनी टाइल्सकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, सब्बलने दोन-चार फरश्यांवर ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, ‘‘ताई, टाइल तं कोनीबी बसवते. पैशे देल्ले का टाइल येते. खालचं कोन पाहते?’’

‘‘खाली काय आहे?’’

‘‘तेच तं. काळी माती हाये.’’

शाळेत भूगोलात शिकलो होतो, रेगूर मृदा, कापसाची काळी जमीन, बेसॉल्टपासून तयार झालेली. मार्कांपुरती पाठ केली आणि विसरलो. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण बघतोच. कापसाला ही माती वरदान, कारण ती ओल धरून ठेवते. घराला मात्र तोच गुण भोवतो. जमीन दरवर्षी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते आणि वरची फरशी तिच्याबरोबर.

‘‘पण मग पूर्ण घर का नाही खचलं? स्वयंपाकघर आणि शेजारचीच खोली का?’’ मी विचारलं. ऑफिसात ‘रूट कॉज अ‍ॅनॅलिसिस’ करायची सवय, दुसरं काय!

मिस्त्रीभाऊंनी उत्तर दिलं नाही. मोरीजवळच्या तीन फरश्या उचलल्या. खालची माती काळी कुळकुळीत आणि ओली. चिखलच. मोरीचा पाइप जमिनीखाली तडकलेला होता. किती वर्षं कोण जाणे, आईने भांडी घासली की थोडं पाणी गुपचूप घराखाली जिरत होतं. त्या दोन खोल्यांखालची माती ओली, बाकीची कोरडी. एक भाग वर, एक खाली.

आता विचार करा. मी माझ्या एक्सेलप्रमाणे जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवून घेतली असती तर? फोटो मस्त आला असता. दोन पावसाळ्यांत टाइल तडकली असती. आणि आई पुन्हा...

जमिनीखाली गेलेले पैसे

मग काम सुरू झालं. त्या दोन खोल्यांच्या २१० फुटांत दीड फूट काळी माती खणून काढली. पाइप बदलला. खड्ड्यात मुरूम भरला, तोही एकदम नाही. सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. धुम्मस न करता भरलेला मुरूम नंतर आपोआप बसतो आणि फरशीला घेऊन बसतो. हिशेबाने ३१५ घनफूट जागा होती, म्हणजे तीन ब्रासच्या वर. ठोकून बसतो म्हणून चार ब्रास लागला. त्यावर चार इंच काँक्रीट. त्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि थांबायचं.

थांबायचं! हे सगळ्यात महाग पडलं. माझी रजा होती दहा दिवसांची. काम चाललं २४ दिवस. जुनी फरशी काढायला दोन, खणून पाइप बदलायला दोन, भराव दोन, काँक्रीट एक, पाणी मारायचे सात, टाइल्स सहा, पडवी दोन, स्कर्टिंग आणि ग्राउट दोन. ‘‘काँक्रीट तीन दिवसांत नाही का चालणार?’’ असं मी एकदा विचारून बघितलं. मिस्त्रीभाऊ म्हणाले, ‘‘चालते ना ताई. तुमी पुन्याले जाईपर्यंत चालते.’’ पुढे विचारायची हिंमत झाली नाही. उरलेले दिवस मी मामांच्या घरून, नेटवर्कसाठी गच्चीवर बसून लॉगिन केलं. आई अंगणात चूल मांडून एका हाताने खिचडी करायची आणि दुसरा हात मी व्हायचे. खरं सांगू? गेल्या दहा वर्षांत आईच्या इतकं जवळ मी बसलेच नव्हते.

टाइल्स बसवतानाही खालचंच महत्त्वाचं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून ती टिकते, पण त्याच कारणाने सिमेंटला सहजी धरतही नाही. मसाला सगळीकडे सारखा भरला नाही तर खाली पोकळी राहते. चार बाय दोनच्या मोठ्या टाइल्सना तर खास अ‍ॅडेसिव्हच वापरायचं, असं मिस्त्रीभाऊंचं स्पष्ट मत. आम्ही दोन बाय दोनवर थांबलो, त्यामागे हेही कारण होतं. रोज संध्याकाळी ते नाण्याने टाइलवर ठोकत फिरायचे. ‘टक्’ आवाज आला की पुढे. ‘डब’ आवाज आला की टाइल उचलून पुन्हा मसाला. सहा दिवसांत अशा सात टाइल्स उचलल्या. त्याचे त्यांनी पैसे मागितले नाहीत.

हिशेबाची वही

बाबा एक्सेल वापरत नाहीत. त्यांची लाल कापडी वही आहे. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं तिच्यात. फरशीचाही खर्च त्यांनी तिच्यातच लिहिला. तो जसाच्या तसा देते. हे आमच्या गावचे, त्या वेळचे भाव. तुमच्याकडे भाव वेगळे असतील, पण यादी हीच असेल. यादीच महत्त्वाची.

टाइल्स, ४० बॉक्स, जीएसटीसह : ३३,६५० रुपये (वरचे चार रुपये दुकानदाराने सोडले!)
टेम्पो आणि हमाली : ३,४००
जुनी फरशी काढणं, ६०० फूट, ८ रुपयांनी : ४,८००
मोरीचा पाइप, प्लंबरसह : १,६००
मुरूम, ४ ब्रास, १,८०० ने : ७,२००
खोदकाम, भराव आणि काँक्रीटची मजुरी : ९,०००
सिमेंट, २५ पोती, ३६० ने : ९,०००
रेती, दीड ब्रास, ६,००० ने : ९,०००
गिट्टी : २,७००
फरशी बसवण्याची मजुरी, ६०० फूट, २० रुपयांनी : १२,०००
स्कर्टिंग, १५० फूट, १५ रुपयांनी : २,२५०
माती आणि मलबा, ट्रॅक्टरच्या ५ फेऱ्या, ७०० ने : ३,५००
ग्राउट आणि स्पेसर : १,५००
चार दारं खालून तासणं, ४०० ने : १,६००

एकूण : १,०१,२०० रुपये.

ती दारांची भानगड कळली ना? नवी फरशी थोडी वर आली की दारं घासतात, उघडतच नाहीत. सुताराला बोलवावंच लागतं. हा खर्च कुणाच्याच शीटमध्ये नसतो.

आता मजा बघा. टाइल्सचे पैसे एकूण खर्चाच्या फक्त एक तृतीयांश. फुटाला पडले १६९ रुपये, जिथे मी ४२ धरून बसले होते. मुरूम, गिट्टी, खोदकाम आणि काँक्रीटला लागलेलं सिमेंट-रेती असं नुसतं जमिनीखाली गाडलेलं धरलं तर २४ हजारांच्या आसपास. म्हणजे माझ्या मूळ बजेटएवढे पैसे अशा जागी गेले, जी जागा कुणालाही कधीच दिसणार नाही.

एका बाबतीत नशीब बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. टाइल्सवर आधीपासूनच १८ आहे. आणि जिल्ह्याबद्दल एक अभिमानाची गोष्ट. टाइल मोरबीची असली तरी सिमेंटचा मोठा कारखाना आता आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, मुकुटबनला आहे. २०२२ मध्ये सुरू झाला. वणी-झरीकडे चुनखडीचे साठे आहेत, त्याचा हा फायदा.

बाबांनी वहीत बेरजेखाली एक ओळ आणखी लिहिली. ‘साडेबारा क्विंटल.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. १,०१,२०० भागिले ८,११०. आमच्या कोरडवाहू शेतात एकरी पाच क्विंटल आला तर ते बरं साल. म्हणजे अडीच एकरांचा अख्खा हंगाम, तोही बी-खत-फवारणी-वेचणीचा खर्च न धरता. पैसे मी दिले होते. ‘बाबा, तुम्ही कापसात कशाला मोजताय?’ असं म्हणणार होते. पण म्हटलं नाही. मी ईएमआयमध्ये मोजते, ते क्विंटलमध्ये मोजतात. पुण्यात माझ्या दीड महिन्याच्या ईएमआयमध्ये आणि किराण्यात जे उडतं, ते त्यांच्याकडे जूनपासून डिसेंबरपर्यंत आभाळाकडे बघत उगवतं. एवढे दिवस ‘ते फरशी का बदलत नाहीत?’ असा प्रश्न मला पडायचा. त्या एका ओळीत उत्तर मिळालं.

पडवीचं काय झालं?

आईने सांगितलं होतं ना, फेकू नका. काढलेल्या शहाबादी फरश्यांतल्या फुटक्या बाजूला केल्या, तरी पडवीला पुरून उरतील एवढ्या निघाल्या. १९९४ च्या त्या फरश्या घासून, कडा सरळ करून, पडवीत बसवल्या. मटेरियलचा खर्च शून्य, फक्त बसवण्याची मजुरी आणि मसाला. त्या १०२ फुटांसाठी नव्या टाइल्स घेतल्या असत्या तर जीएसटीसह साडेपाच हजार आणखी गेले असते. शिवाय मेच्या उन्हात पडवीत पाणी शिंपडून शहाबादीवर पडी टाकायची मजा टाइलला नाही, हे बाबांचं मत. रिसायकलिंग, सस्टेनेबिलिटी वगैरे शब्द आपण कॉन्फरन्समध्ये वापरतो. आई म्हणाली, ‘‘चांगल्या वस्तूले काऊन फेकायचं?’’ विषय संपला.

तुमचं काम निघालं तर...

- आधी मिस्त्रीला घर दाखवा, मग दुकानात जा. मी उलटं केलं.
- फरशी खचली असेल तर ‘का खचली’ हे कळल्याशिवाय एकही बॉक्स घेऊ नका. पाइप, गटार, पावसाचं पाणी, आधी हे तपासा. काळ्या मातीच्या भागात तर नक्कीच.
- टाइलचा भाव विचारताना ‘जीएसटी धरून, घरपोच, उतरवून’ किती, हे विचारा.
- कोटा स्वस्त वाटतो, पण बसवल्यावर त्याला मशीनने पॉलिश करावं लागतं. ती मजुरी आणि ते चार दिवस धरूनच तुलना करा.
- मजुरी फुटावर ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. स्कर्टिंग, जुनी फरशी काढणं, मलबा उचलणं यात आहे की वेगळं?
- मोरीकडे आणि पडवीत बाहेरच्या बाजूला उतार हवाच. बादलीभर पाणी ओतून बघा आणि मगच शेवटचा हप्ता द्या.
- सगळी बेरीज झाली की वर पंधरा टक्के ठेवा. लागणारच नाहीत असं वाटतं. लागतात.

जाता जाता

आईचं प्लास्टर निघालंय. मूठ अजून पूर्ण वळत नाही, पण पोळ्या लाटते. मी निघाले त्या सकाळी ती नव्या स्वयंपाकघरात अनवाणी उभी होती. मोरीपासून ओट्यापर्यंत दोनदा चालून बघितलं. काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘चांगली हाये. पाय थांबते.’’

पुण्यात फ्लॅटवर पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बॅग ठेवली, लाइट लावला. समोर माझा हॉल, आरशासारखा चकचकीत, पझेशनच्या दिवशी ज्याचा फोटो मी सगळ्यांना पाठवला होता. काय वाटलं कोण जाणे, पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढलं, गुडघ्यावर बसले आणि ठोकायला सुरुवात केली.

टक्. टक्. टक्. डब.

अजून वीस वर्षांचा ईएमआय बाकी आहे. आणि टीव्हीसमोरच्या चार टाइल्स पोकळ आहेत. मिस्त्रीभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘येतो ना ताई. कापूस होऊन जाऊ द्या.’’